शमुवेलाचा इशारा चांगल्या राजाविषयीच होता

जुन्या करारातील १ शमुवेल या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचा वृद्ध न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल, लोकांच्या पदरी राजा पडण्यापूर्वी, त्याची किंमत कलमवार सांगतो आणि लोक ती ऐकून घेऊनही राजाच मागतात. या अध्यायाविषयी एक समजूत धर्मोपदेशकांपासून राजकीय लेखकांपर्यंत इतकी रुळली आहे की तिच्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. ती अशी की शमुवेलाचा इशारा वाईट राजाविषयी होता; लोकांनी घाई केली, पहिला राजा म्हणून शौलासारखा माणूस गादीवर आला म्हणून दुःख ओढवले, आणि त्या जागी सज्जन, कर्तबगार, देवभीरू माणूस बसवला की इशाऱ्यातील एकेक कलम आपोआप गळून पडते. ही समजूत दिलासा देते, कारण ती निवडणाऱ्याकडून केवळ माणसाची पारख मागते. सत्तेला मर्यादा घालण्याचे अवघड काम त्याच्यावर टाकत नाही. परंतु मूळ मजकूर, पुढच्या राजांची बायबलमध्येच नोंदलेली कारकीर्द आणि त्या भूमीतून उकरून निघालेला पुरावा या तिन्हींपुढे ती टिकत नाही. शमुवेल ज्याचे वर्णन करीत होता तो राजा यशस्वी असू शकत होता, लोकप्रिय असू शकत होता, धर्मनिष्ठही असू शकत होता, आणि तरीही त्याची किंमत तीच राहणार होती.

मागणी कोणी केली आणि कशासाठी केली, हे आधी पाहिले पाहिजे. इस्राएलच्या बारा वंशांना त्या काळी कायमचा राजा नव्हता. कुळांचे वडील, म्हणजे गावोगावचे प्रमुख, वेशीत बसून निवाडे करीत आणि संकट आले की ‘शास्ते’ म्हणून ओळखले जाणारे पुढारी लढाईपुरते व न्यायापुरते उभे राहत. शमुवेल हा त्यांतला शेवटचा. त्याने म्हातारपणी योएल आणि अबीया या आपल्या मुलांना बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमले, आणि ते लाच घेऊन न्याय विकू लागले. तेव्हा सारे वडील रामा या गावी शमुवेलाकडे आले आणि इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हालाही राजा नेमून दे, असे म्हणाले. तक्रार खरी होती आणि ती शमुवेलाच्या तोंडावर करण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले, पण तक्रार आणि मागणी यांचा मेळ बसत नाही. दोन लाचखाऊ न्यायाधीशांवर उपाय म्हणजे त्यांना काढून टाकणे. वडिलांनी ते मागितले नाही. बापाने मुलांना पद दिल्यामुळे जी कीड लागली होती तिच्यावर त्यांनी असे पद मागितले की ज्यात बापामागून मुलगा येणे हाच नियम असतो. शमुवेलाला स्वतःच्या घरातला दोष दिसला नाही, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु इशारा देणाऱ्याचे घर सदोष होते एवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाही.

आता प्रत्यक्ष इशारा. राजा तुमच्या मुलांना आपल्या रथांवर आणि घोड्यांवर नेमील, काहींना रथापुढे धावायला लावील, काहींना हजारांवर आणि पन्नासांवर नायक करील. काही त्याची जमीन नांगरतील, त्याचे पीक कापतील, त्याची शस्त्रे आणि रथांचे सामान घडवतील. तुमच्या मुली त्याच्याकडे सुगंधी द्रव्ये करायला, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला जातील. तुमची उत्तम शेते, द्राक्षमळे आणि जैतुनाची बने तो आपल्या चाकरांना देईल. धान्याचा आणि द्राक्षांचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, आपल्या अधिकाऱ्यांसाठी घेईल. तुमचे दास, दासी आणि गाढवे आपल्या कामाला लावील, मेंढरांचाही दशमांश घेईल, आणि शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे दास व्हाल. या सर्व यादीत एकही खून नाही. छळ नाही, परस्त्रीचे हरण नाही, व्यसन नाही, परक्या देवतांची पूजादेखील नाही. राजाला एकही दूषण चिकटवलेले नाही. यादीत आहे ती सैन्यभरती, शस्त्रनिर्मिती, राजवाड्याचा मुदपाकखाना, इनाम जमिनी, सारा आणि वेठबिगार, म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेली कामे. कोणतेही संघटित राज्य उभे करायचे म्हटले की जी खाती लागतात, तीच ही खाती आहेत.

बायबलच्या लेखकांना वाईट राजा रंगवता येत नव्हता असेही नाही. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात अबीमलेख आहे. त्याने बाल-बरीथच्या देवळातून मिळालेल्या सत्तर रौप्यमुद्रांवर गुंड भाड्याने घेतले, आपल्या सत्तर भावांना एकाच दगडावर मारले आणि शखेम येथे स्वतःला राजा म्हणवून घेतले. वाचलेला एकटा भाऊ योथाम डोंगरावरून शखेमकरांना झाडांची गोष्ट सांगतो: जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजेपद नाकारतात, आणि अखेर काटेरी झुडूप ते स्वीकारते. तो इशारा नालायक राजाविषयी आहे, आणि तो तसाच लिहिलेला आहे. शमुवेलाला तसाच इशारा द्यायचा असता तर अबीमलेखाचे उदाहरण त्याच्या हाताशी होते. त्याने ते वापरले नाही. काटेरी झुडपाची भीती घालण्याऐवजी त्याने राज्याचा हिशेब मांडला, आणि दोन्ही इशारे एकच समजणे हा वाचनातील निष्काळजीपणा आहे.

यादीतील आणखी एक गोष्ट चांगल्या राजाच्या समर्थकांच्या नजरेतून सुटते. राजा जे घेतो ते सारे स्वतःजवळ ठेवत नाही. शेते चाकरांना जातात, दशमांश अधिकाऱ्यांना जातो, आणि हजारांचे नायकपद कोणाच्या तरी मुलालाच मिळते. म्हणजे इशाऱ्यातच राज्याचे लाभार्थी नोंदलेले आहेत. रामा येथे जमलेल्या प्रमुखांपैकी कित्येकांना आपला मुलगा रथापुढे धावणाऱ्यांत न जाता नायकांत जाईल अशी आशा वाटली असेल, असे अनुमान करायला हरकत नाही. पुढे शौलाच्या तोंडी येणारे वाक्य या अनुमानाला बळ देते: दाविदाचा संशय येताच तो आपल्याच बन्यामीन वंशातील सेवकांना विचारतो की इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, तुम्हा सर्वांना शेते आणि द्राक्षमळे देणार आहे काय, तुम्हाला सहस्रपती आणि शतपती करणार आहे काय. पहिल्याच राजाच्या हयातीत निष्ठा शेतजमिनीने मोजली जाऊ लागली होती.

शौलाला कोणी आदर्श राजा म्हणत नाही. म्हणून त्याला बाजूला ठेवून परंपरेने गौरवलेल्या राजांकडे वळले पाहिजे, कारण वादाचा निकाल तेथेच लागतो. दाविदाने दूत पाठवून उरीया हित्तीची बायको आपल्या महालात आणवली आणि उरीयाला लढाईच्या तोंडावर ठेवून मारवले. हे त्याचे वैयक्तिक पाप होते असे म्हणता येईल, आणि नाथान संदेष्ट्याने तसे त्याला तोंडावर सुनावलेही. पण त्याचा मुलगा शलमोन याचे काय? त्याच्या कारकिर्दीचे वर्णन समृद्धी आणि शहाणपण यांचे शिखर म्हणून केले जाते, आणि शमुवेलाची यादी सर्वांत पूर्णपणे अमलात येते ती याच कारकिर्दीत. १ राजे या पुस्तकाच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांतील नोंदी पाहाव्यात. राज्याचे बारा विभाग करून प्रत्येकावर एक अंमलदार नेमला होता आणि प्रत्येक विभागाने वर्षातला एक महिना राजाच्या घरची शिधासामग्री पुरवायची होती. एका दिवसाचा शिधा तीस कोर (कोर हे धान्याचे माप) सपीठ, साठ कोर पीठ, दहा पोसलेले बैल, वीस चरणीचे बैल आणि शंभर मेंढरे असा होता, शिवाय हरणे आणि पाखरे वेगळी. लबानोनात लाकूड तोडण्यासाठी ३०,००० माणसांची वेठ लावली, दहा-दहा हजारांच्या पाळ्या, एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. याशिवाय ७०,००० ओझेवाले आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. हे आकडे फुगवलेले असतील. प्राचीन ग्रंथांत ते तसे असतात. पण लिहिणाऱ्याने हे सारे राजाच्या वैभवाची साक्ष म्हणून लिहिले आहे. मंदिराला सात वर्षे लागली आणि राजवाड्याला तेरा. लाकूड आणि सोने पुरवणाऱ्या सोराच्या हीराम राजाला शलमोनाने गालील प्रांतातील वीस गावे देऊन टाकली, आणि त्या गावांतील माणसांना कोणी विचारल्याची नोंद नाही.

यावर एक उत्तर दिले जाते की शलमोनाने इस्राएली लोकांना दास केले नाही, त्याने फक्त उरलेल्या कनानी लोकांना वेठीस धरले, आणि १ राजेच्या नवव्या अध्यायात तसे लिहिले आहे. ते लिहिले आहे हे खरे. पण पाचव्या अध्यायात ही वेठ सगळ्या इस्राएलातून उभी केली असे लिहिले आहे, आणि अकराव्या अध्यायात यराबाम नावाच्या तरुणाला योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम नेमल्याचे लिहिले आहे; योसेफाचे घराणे कनानी नव्हते. शेवटचा पुरावा लोकांनी स्वतःच दिला आहे. शलमोन गेल्यावर, इसवी सनापूर्वी सुमारे ९३० मध्ये, उत्तरेकडचे वंश शखेम येथे जमले आणि त्याचा मुलगा रहबाम याला म्हणाले की तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवले, ते हलके कर म्हणजे आम्ही तुझी सेवा करू. बापाच्या वेळच्या वृद्ध सल्लागारांनी मवाळ राहण्याचा सल्ला दिला. बरोबर वाढलेल्या तरुणांनी धाक घालण्याचा दिला, आणि रहबामाने तरुणांचे ऐकून चाबकाच्या जागी विंचवांची भाषा केली. राज्य तेथल्या तेथे दुभंगले. जमावाने वेठीचा अधिकारी अदोराम याला दगडांनी ठार केले, आणि राजा रथात चढून यरुशलेमेला पळाला. शलमोनाच्या शहाणपणावर ज्यांची भिस्त आहे त्यांनी त्या दगडांचा हिशेब द्यायला हवा.

ग्रंथाबाहेरचा पुरावा आणखी बोलका आहे. यहूदाच्या राजांपैकी हिज्कीया आणि योशीया या दोघांना २ राजे या पुस्तकाने सर्वोच्च प्रशस्ती दिली आहे. यांच्यासारखा दुसरा झाला नाही, असा त्याचा आशय. हिज्कीयाच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरच्या, मोठ्या रांजणांच्या मुठी दोन हजारांवर सापडल्या आहेत, आणि त्यांवर उमटवलेल्या शिक्क्यात ‘राजाचे’ एवढाच अर्थ देणारी अक्षरे आणि चारपैकी एका ठिकाणाचे नाव असते. द्राक्षारस किंवा तेल गोळा करून कोठारात भरण्याची राजाची यंत्रणा किती पसरली होती हे त्या मुठींवरून कळते. अश्शूरचा सन्हेरीब इ. स. पू. ७०१ मध्ये चालून आला तेव्हा ती कामी आली असेल, आणि हिज्कीयाने ती दुष्टाव्याने उभारली असे कोणीच म्हणणार नाही. तरीही रांजण भरला तो शेतकऱ्याने.

योशीयाच्या काळातील मानले जाणारे एक खापर १९६० मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या मेसाद हशाव्याहू या छोट्या किल्ल्यात मिळाले. त्यावर शाईने हिब्रू भाषेत एक अर्ज लिहिलेला आहे. अर्जदार पीक कापणारा मजूर आहे. बहुतेक अभ्यासक त्याला वेठीवर आणलेला समजतात. तो किल्ल्याच्या अंमलदाराला कळवतो की आपण नेमून दिलेली कापणी पुरी केली, धान्य मोजून कोठारात टाकले, आणि त्यानंतर शोबायचा मुलगा होशायाहू याने येऊन आपले वस्त्र काढून नेले. बरोबर उन्हात कापणी करणारे सारे भाऊबंद साक्ष देतील, असे तो म्हणतो, आणि आपण निर्दोष ठरलो नाही तरी निदान दया म्हणून वस्त्र परत मिळावे अशी विनवणी करतो. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. योशीया हा तर ते नियमशास्त्र पुन्हा प्रस्थापित करणारा राजा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या राज्यात अंगावरच्या वस्त्रासाठी मजुराला असा अर्ज लिहवून घ्यावा लागला. राजा पीक कापायला लावील हे शमुवेलाचे कलम येथे डोळ्यांसमोर उभे राहते, आणि मधला होशायाहू राजाला कदाचित ठाऊकही नव्हता. सद्गुणी राजाचा सद्गुण त्याच्या मुकादमापर्यंत पोचतोच असे नाही.

येथे विद्वानांकडून एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात यूलिउस वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने असे मत मांडले की राजेपदाला विरोध करणारे हे भाग फार उशिराचे आहेत. राज्ये बुडाल्यानंतरच्या लेखकाने शलमोनाचा अनुभव शमुवेलाच्या तोंडी घातला आहे. तसे असेल तर तो इशारा नसून निकाल आहे, असा आक्षेपाचा रोख. पण ही तारीख मान्य केली तरी प्रतिपादन ढळत नाही, उलट पक्के होते. कारण मग ही यादी वृद्ध संदेष्ट्याच्या भीतीतून न येता शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेली ठरते, आणि लिहिणाऱ्याला चांगले-वाईट सारेच राजे माहीत होते असे मानावे लागते. शिवाय ती तारीख निर्विवाद नाही. आयझॅक मेंडेलसोन यांनी १९५६ मध्ये दाखवले की सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या नगरात सापडलेल्या अक्कादी दस्तऐवजांत रथी, इनाम जमिनी, दशमांश आणि वेठ या सगळ्या प्रथा दिसतात, आणि उगारित इ. स. पू. १२००च्या सुमारास उद्ध्वस्त झाले. म्हणजे शमुवेलाच्या काळच्या माणसाला शेजारच्या कनानी नगरराज्यांकडे पाहूनही ही यादी करता आली असती. वडिलांनी मागणी केली होती ती इतर राष्ट्रांसारख्या राजाची. शमुवेलाने इतर राष्ट्रांतील राजे काय घेतात तेवढेच सांगितले.

दुसरा पक्ष याहून धीट आहे, आणि इतिहासात त्याने अधिक नुकसान केले आहे. त्याच्या मते शमुवेलाने सांगितले ते राजाचे हक्कच होत. स्कॉटलंडचा सहावा जेम्स, जो पुढे इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, त्याने १५९८ मध्ये लिहिलेल्या निबंधात याच अध्यायाचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले की लोकांना आधीच सर्व सांगितले गेले आणि त्यांनी ते पत्करले, म्हणून आता त्यांना राजाविरुद्ध उठण्याचा अधिकार उरलेला नाही. पहिल्या चार्ल्सला ३० जानेवारी १६४९ रोजी मृत्युदंड दिल्यानंतर सालमासियस या फ्रेंच पंडिताने राजाची बाजू मांडताना हाच उतारा पुढे केला. १६५१ मध्ये जॉन मिल्टनने लॅटिनमध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि त्याच वर्षी टॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये पुन्हा हा उतारा राजाच्या निरंकुश सत्तेचा पुरावा म्हणून वापरला. इशारा हीच परवानगी समजण्याची ही युक्ती तपासायची असेल तर शमुवेलाचे स्वतःचे निरोपाचे भाषण पुरेसे आहे. बाराव्या अध्यायात तो लोकांसमोर उभा राहून विचारतो की आपण कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला नाडले, कोणाची लाच घेतली. आणि लोक एकमुखाने म्हणतात की कोणाचे काही घेतले नाही. बैल आणि गाढव न घेणे ही शमुवेलाच्या लेखी न्यायाची कसोटी असेल, तर तेच घेण्याला तो चार अध्याय आधी हक्क म्हणत होता असे कसे मानायचे?

यहुदी परंपरेत हा वाद मोकळेपणाने झाला आहे. तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचे मोठे संकलन, त्याच्या ‘सन्हेद्रिन’ या प्रकरणात दोन मते नोंदवते: शमुवेल याच नावाच्या रब्बीच्या मते अध्यायात सांगितलेले सर्व राजाला मोकळे आहे, तर राव याच्या मते ते केवळ लोकांना धाक बसावा म्हणून सांगितले आहे. बाराव्या शतकातील मैमोनिदीसने पहिले मत ग्राह्य धरले, पण राजाने शेते घेतली तर त्यांची किंमत द्यावी, असे बंधन घातले. मध्ययुगीन टीकाकारांनी याहून अवघड प्रश्न विचारला: सर्व मोकळे असेल तर नाबोथाचा द्राक्षमळा बळकावल्याबद्दल इस्राएलच्या अहाब राजाला शिक्षा का झाली? त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक असे की राजा चाकरांसाठी घेईल असे शमुवेल म्हणाला होता, स्वतःसाठी घेईल असे नव्हे. हक्काच्या बाजूने उभे राहिलेल्यांनाही कुंपण शोधावे लागले, यातच त्या बाजूचा कच्चेपणा दिसतो.

या परंपरेत सर्वांत कणखर आवाज आहे इसहाक अबरबानेल याचा. तो पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोच्या खजिन्याचे काम पाहत असे; पुढच्या राजाच्या रोषामुळे १४८३ मध्ये त्याला कास्तिलेत पळून जावे लागले, आणि तेथे लगेच त्याने शमुवेलाच्या पुस्तकांवर भाष्य लिहिले. राजा आवश्यक असतो हेच त्याने नाकारले. मुदतीने बदलणारे अनेक अधिकारी, एकमेकांना आवर घालणारे, एका माणसाच्या हुकमतीपेक्षा बरे, असे तो म्हणतो आणि व्हेनिस, फ्लॉरेन्स यांची उदाहरणे देतो. त्यानंतर तो फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या सेवेत गेला, आणि १४९२ मध्ये त्यांनीच स्पेनमधील सर्व यहुद्यांना हद्दपार केले. अबरबानेलची रदबदली कामी आली नाही. फर्डिनांड आणि इसाबेला हे नाकर्ते राज्यकर्ते नव्हते. त्यांच्या समर्थकांनी त्यांना आदर्श धर्मनिष्ठ राजे म्हणूनच गौरवले. चांगल्या राजाच्या भरवशावर राहिलेल्या समाजाला एका हुकमाने देश सोडावा लागतो, हे अबरबानेलने पुस्तकात वाचून सांगितलेले नाही.

याच्या उलट टोकाला जाणाऱ्यांचे म्हणणेही येथे मान्य करता येत नाही. टॉमस पेनने जानेवारी १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडताना हा अध्याय विस्ताराने वापरला आणि राजेपद हेच पाप ठरवले. त्याचे पाऊल पुढे नेऊन काही जण कोणतेही शासन म्हणजे शमुवेलाने सांगितलेली गुलामी असे मानतात. बायबल इतके सोपे नाही. राजा नव्हता त्या काळात गिबा येथे एका लेवीच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार झाला, तिचा जीव गेला, आणि त्यातून एक अख्खा वंश जवळजवळ संपेपर्यंत यादवी झाली. शास्ते या पुस्तकाचा शेवट राजा नसल्याच्या उल्लेखानेच होतो. पलिष्टी शत्रूंनी करारकोश, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची पवित्र पेटी, पळवला होता, आणि इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता. नांगराचा फाळ पाजवून घ्यायलासुद्धा शेतकऱ्याला पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि त्यासाठी एक ‘पीम’ मोजावा लागे. या नावाची वजने उत्खननांत सापडली आहेत, प्रत्येक सुमारे पावणेआठ ग्रॅमचे, म्हणजे साधारण दोन तृतीयांश शेकेल इतके. फाळ पाजवायला शत्रूला चांदी देणाऱ्या शेतकऱ्याने आमच्या लढाया लढणारा कोणी हवा असे म्हटले, तर त्याला पापी म्हणून हिणवणे अन्याय आहे. संरक्षणाची गरज खरी होती. म्हणूनच परमेश्वर मागणी फेटाळत नाही; लोकांनी आपल्यालाच नाकारले आहे असे म्हणूनही त्यांचे ऐक, पण राजा काय करील ते आधी बजावून सांग, असे तो शमुवेलाला म्हणतो. किंमत कळल्यानंतर दिलेली संमती लोकांची स्वतःची होती, आणि पुढे आक्रोश केलात तरी उत्तर मिळणार नाही हे वाक्यही त्याच अर्थाचे आहे.

गरज मान्य करून तिला आवर घालण्याचा मार्ग बायबलमध्येच दाखवला आहे, आणि चांगल्या माणसाच्या शोधावर तो अवलंबून नाही. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने पुष्कळ घोडे बाळगू नयेत, पुष्कळ बायका करू नयेत, सोन्याचांदीचा मोठा साठा करू नये, नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घेऊन ती रोज वाचावी, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला मोठे समजू नये असे सांगितले आहे. राजा शूर असावा, बुद्धिमान असावा अशी एकही अट त्यात नाही. सैन्य, जनानखाना आणि खजिना या तिन्हींवर मात्र बंधन आहे. सर्वांत शहाण्या गणलेल्या शलमोनाने ही तिन्ही बंधने मोडली, १,४०० रथ जमवले आणि ७०० राण्या केल्या. त्याला थांबवू शकेल असे कोणी उरले नव्हते.

शमुवेलाच्या यादीत न आलेली किंमत हीच, आणि ती सर्वांत मोठी. रामा येथे राजा मागायला आले होते ते वडील. त्या दिवशी ते शमुवेलासारख्या माणसाला त्याची मुले भ्रष्ट आहेत असे तोंडावर सांगू शकत होते. शखेम येथे वृद्धांचा सल्ला राजा बाजूला सारतो. त्यानंतर काही पिढ्यांनी, १ राजेच्या एकविसाव्या अध्यायात, इज्रेलचे वडील दिसतात. अहाब तेव्हा दुबळा राजा नव्हता, इ. स. पू. ८५३ मधील कर्करच्या लढाईविषयी अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसेरने कोरवलेल्या लेखात त्याच्या नावावर २,००० रथ आणि १०,००० पायदळ नोंदले आहे. त्याला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने वडिलोपार्जित वतन म्हणून तो द्यायला नकार दिला, आणि अहाब तोंड फिरवून अंथरुणावर पडून राहिला, कारण मळा सरळ हिसकावण्याची मुभा त्यालाही नव्हती. नियमाचा तेवढा वचक अजून होता. तो वचक मोडायला शिपायांची गरज पडली नाही. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मुद्रा उमटवली आणि ती नाबोथाच्याच गावच्या वडिलांना पाठवली. त्यांनी उपास जाहीर केला, नाबोथाला लोकांपुढे बसवले, दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप शाबीत करून त्याला गावाबाहेर दगडमार केली, आणि काम झाल्याचे राणीला कळवले. त्यांना धमकी दिल्याचे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही.

शमुवेलाचा इशारा वाईट राजाविषयी होता असे जे शिकवतात, त्यांनी यापुढे तो अध्याय इज्रेलच्या या नोंदीला जोडून शिकवावा. बलवान राज्यकर्ता निवडताना तो सज्जन आहे काय, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याचा शिक्का असलेले पत्र गावच्या वडिलांना परत पाठवता येईल काय, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर मागणीच मागे घेतली पाहिजे.